पोराला जागा, जागेला पट्टा

कडबा गाडीत भरला की आपण काय करतो? वरून दोर टाकतो. दोन्ही बाजूंनी ताणून आवळतो. मगच गाडी रस्त्याला लावतो. दोर टाकला नाही तर काय होईल? चार पेंढ्या पडतील. नुकसान होईल ते तेवढेच. तरी आपण दोर टाकतो.

आणि सकाळी शाळेला जाणारी आपली पोरं? ती गाडीत कशी बसतात? कोणी बाकावर, कोणी दुसऱ्याच्या मांडीवर. कोणी दप्तर पोटाशी धरून दारापाशी उभे. कडबा बांधलेला असतो, पोरं मात्र मोकळी असतात.

म्हणून या पाठात आपण एका प्रश्नाचा विचार करू. शाळेच्या बसमध्ये मुलांसाठी पट्टा असावा का? या पट्ट्याला सीट बेल्ट म्हणतात. मोटारीत ड्रायव्हर छातीवरून घेतो तोच हा पट्टा. प्रश्न लहान दिसतो, पण त्याच्या पोटात पुष्कळ गोष्टी आहेत. त्या एकेक करून पाहू.

गाडी थांबते, पोर थांबत नाही

समजा, बस ताशी ४० किलोमीटर वेगाने चालली आहे. आत बसलेले पोरही त्याच वेगाने पुढे चाललेले असते. ते जागेवर बसलेले दिसते, म्हणून आपल्या हे ध्यानात येत नाही. आता बस एकदम झाडावर आदळली. बस थांबली. पण पोराला कोणी थांबवले? कोणीच नाही. ते त्याच वेगाने पुढे जाते. पुढच्या लोखंडी दांडीवर किंवा काचेवर आदळते, तेव्हाच थांबते.

हा मार केवढा असतो? हिशेब करून पाहू. ताशी २० किलोमीटर वेगाने आदळणे म्हणजे सुमारे ५ फूट उंचीवरून पडणे. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सुमारे २० फूट. दोन मजली घराच्या गच्चीवरून पडावे तसे. आणि ताशी ६० किलोमीटर म्हणजे सुमारे ४६ फूट. पाहिलेत ना? वेग दुप्पट झाला की मार दुप्पट होत नाही, चौपट होतो. तिप्पट झाला की नऊपट होतो.

कोणी म्हणेल, “पोराला आम्ही मांडीवर घट्ट धरतो की!” बाबांनो, तुमच्या हातात बळ आहे, हे खरे. पण गच्चीवरून पडणारे पोर कोणाला हातांनी अडवता येते का? तसेच हे आहे. शिवाय त्या वेळी तुम्ही स्वतःही पुढे फेकले जात असता.

पट्टा हेच काम करतो. तो पोराला जागेशी बांधून ठेवतो. गाडीबरोबर पोरालाही थांबवतो. धक्का बसतो, पण तो छातीच्या आणि कमरेच्या हाडांवर वाटला जातो. डोके वाचते.

पट्टा कसा असावा?

पट्टे दोन तऱ्हेचे असतात. एक नुसता कमरेवरचा. दुसरा कमरेवरून आणि खांद्यावरून जाणारा. हा दुसरा पट्टा तीन ठिकाणी पक्का केलेला असतो. स्वीडन देशात व्होल्वो नावाचा मोटारींचा कारखाना आहे. तिथले इंजिनिअर निल्स बोलिन यांनी १९५९ साली तो तयार केला. कारखान्याने त्याचा हक्क स्वतःपुरता राखून ठेवला नाही. इतर कारखान्यांनाही तो वापरू दिला. त्यामुळे आज जगभर मोटारींत हाच पट्टा दिसतो.

नुसत्या कमरेच्या पट्ट्यात एक उणीव आहे. धक्का बसला की पोर कमरेत वाकते आणि डोके पुढच्या बाकावर आपटते. पट्टा वर सरकून पोटात रुतला, तर आतड्यांना इजा होते. म्हणून पट्टा पोटावर नको, खाली कमरेच्या हाडांवर हवा. खांद्यावरचा भाग गळ्यावर नको, खांद्याच्या मधोमध हवा. फार लहान मुलाला मोठ्यांचा पट्टा गळ्याशी येतो. त्याला बसायला उंच बैठक द्यावी लागते.

परदेशात काय घडले?

पट्ट्याचा हा वाद अमेरिकेत फार वर्षे चालला आहे. तिकडे शाळेच्या पिवळ्या बस लाखोंनी आहेत. १९७७ साली तिथल्या सरकारने मोठ्या बससाठी नवा नियम लागू केला. पट्ट्याची सक्ती केली नाही. त्याऐवजी बाकांच्या पाठी उंच केल्या, त्यांना जाड गादी लावली आणि बाके जवळजवळ बसवली. आपण आंब्याची पेटी भरतो तशी ही तऱ्हा आहे. पेटीत पेंढा घालून आंबे जवळजवळ लावले, की धक्क्याने ते फुटत नाहीत. तसेच पोर पुढे फेकले गेले तरी मऊ पाठीवर आदळते.

ही युक्ती कामाची ठरली. समोरून किंवा मागून धक्का बसला, तर पोरं बरीचशी वाचतात. पण आंब्याची पेटीच उलटी झाली तर? मग पेंढा काय करणार? बस कलंडली की पोरं बाकांमधून बाहेर फेकली जातात. एकमेकांवर, छतावर, काचांवर आदळतात. तिथे पट्टाच हवा.

हे दाखवणारी एक दुःखद घटना सांगतो. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी अमेरिकेतल्या चॅटनूगा गावी शाळेची बस भरधाव गेली, कलंडली आणि झाडावर आदळली. ६ मुले दगावली. बसमध्ये मुलांसाठी पट्टे नव्हते. पुढे २०१८ साली तिथल्या अपघात-तपासणी मंडळाने शिफारस केली, की नव्या मोठ्या बसमध्ये खांद्याचे आणि कमरेचे पट्टे असावेत. आता तिथल्या काही राज्यांत तसा कायदा आहे, काही राज्यांत नाही.

आपल्या देशातही असेच घडले. ११ एप्रिल २०२४ रोजी हरियाणातल्या कनीना गावाजवळ शाळेची बस झाडावर आदळून उलटली. तिथेही ६ मुले गेली. ड्रायव्हर दारू प्यालेला होता, असा आरोप होऊन त्याला अटक झाली.

या दोन घटना शेजारी ठेवून पाहा. देश वेगळे, पण गोष्ट एकच. आधी माणूस चुकला, मग गाडी उलटली, मग मोकळी पोरं फेकली गेली. पट्टा शेवटच्या पायरीवर कामाला येतो. पहिली पायरी ड्रायव्हरची आणि वेगाची आहे.

इंग्लंडमध्ये १९९३ साली शाळेची एक लहान बस मोठ्या रस्त्यावर उभ्या गाडीवर आदळली. १२ मुले आणि त्यांच्या शिक्षिका गेल्या. त्यानंतर १९९७ साली तिथे नियम लागू झाला. शाळेच्या सहलीला वगैरे मुलांना नेणाऱ्या लहान-मोठ्या बसमध्ये प्रत्येक मुलाला स्वतंत्र आसन आणि त्याचा स्वतंत्र पट्टा हवा. ‘प्रत्येक मुलाला’ हे शब्द नीट वाचा. या पाठाचा सगळा अर्थ त्यात आहे.

शंका आणि उत्तरे

पहिली शंका : बसला आग लागली तर पट्ट्यात अडकलेली पोरं बाहेर कशी येणार?

शंका खोटी नाही. पण पट्टा एक बटण दाबले की सुटतो. सहा-सात वर्षांचे पोरही दोन दिवसांत ते शिकते. उलट, डोक्याला मार लागून बेशुद्ध पडलेले पोर आपल्या पायाने बाहेर येऊच शकत नाही. तेव्हा पट्टा लावायला शिकवा, तसाच सोडायलाही शिकवा. आणि मागचे संकटकाळी उघडण्याचे दार पोती किंवा दप्तरे टाकून अडवू नका.

दुसरी शंका : मुले पट्टा लावतीलच कशावरून?

आमची उभी हयात शाळेत गेली. घंटा झाली की मुले रांगेत उभी राहतात, ती काय जन्मतः शिकून येतात? रोज सांगावे लागते. पंधरा दिवस सांगितले की सवय लागते. बसमध्ये मदतनीस असेल तर त्याने बस सुरू होण्याआधी एक फेरी मारावी. सगळे पट्टे लागले, मगच बस हलावी.

तिसरी शंका : पट्टा लावला म्हणजे काळजी मिटली ना?

नाही, मिटली नाही. पोर बसमधून उतरते तेव्हा पट्टा काय करील? बसच्या पुढून धावत रस्ता ओलांडणारे पोर मागून येणाऱ्या गाडीला दिसत नाही. अमेरिकेत शाळेची बस थांबून तिचे तांबडे दिवे लागले, की इतर गाड्यांनी थांबावे असा कायदा आहे. कारण तिथे बसच्या आतल्यापेक्षा बाहेर, चढता-उतरताना जास्त मुले दगावतात असे दिसून आले. म्हणून आपल्या पोराला शिकवा : उतरल्यावर बस निघून जाऊ द्यावी, दोन्हीकडे पाहावे, मगच रस्ता ओलांडावा.

आता आपल्या गावाकडे या

इथे खरी अडचण पुढे येते. गाडीत जागा दहा आणि पोरं अठरा. अशा गाडीत पट्टा कुणाला लावणार? एका पट्ट्यात दोन पोरं बांधली, तर धक्क्यात त्यांची डोकी एकमेकांवर आपटतात. म्हणून आधी जागा, मग पट्टा. पाया घातल्याशिवाय कळस चढत नाही.

यावर एखादा पालक म्हणेल, “गुरुजी, बोलायला सोपं आहे. पोरं कमी बसवली तर गाडीवाला भाडं वाढवणार. तेवढं कुठून आणू? मग पोरीला घरीच ठेवावी लागेल.”

हे बोलणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. भाडे वाढले की पहिली शाळा सुटते ती मुलीची, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पोरीच्या जिवाची काळजी घेता घेता तिची शाळा बुडू नये. म्हणून जी कामे बिनपैशाची आहेत, ती आधी करू.

एक. गाडी सावकाश चालवायला काही पैसा लागत नाही. वेग ६० वरून ४० वर आणला, तर मार निम्म्याहून कमी होतो. तो हिशेब वर दिलाच आहे.

दोन. ड्रायव्हर प्यालेला दिसला तर पोराला गाडीत चढवू नका. एक दिवस शाळा बुडाली तरी चालेल.

तीन. दारात, पायरीवर कोणी उभे राहणार नाही, हे सगळ्या पालकांनी मिळून ठरवा. एकट्याचे कोणी ऐकत नाही, दहाजणांचे ऐकावे लागते.

चार. लहान व्हॅनमध्ये पट्टे पुष्कळदा असतात, पण सीटच्या कव्हराखाली दबलेले असतात. ते बाहेर काढा. चालतात का पाहा. मोटारीत १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याची खास बैठक नसेल तर १००० रुपये दंड आहे. २०१९ साली कायद्यात तशी दुरुस्ती झाली. पण दंडासाठी नव्हे, पोरासाठी काढा.

पाच. गाडीवाल्याला म्हणा, दोन खेपा कर. पोरं अर्धा तास आधी आली तर शाळेच्या ओट्यावर पाढे म्हणतील.

भाड्याची अडचण असेल तर सरकारी सोयींची चौकशी करा. ग्रामीण भागातल्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. काही तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस मुलींसाठी धावतात. शाळा लांब असलेल्या वस्त्यांवरच्या मुलांसाठी समग्र शिक्षा योजनेत वाहतूक भत्त्याची तरतूद आहे. आपल्या पोराला काय लागू पडते, ते मुख्याध्यापकांना विचारा. अर्ज करायला आता तुम्हाला कोणाची मिनतवारी करायला नको. तुम्ही लिहिता-वाचता.

आणि एक गोष्ट. महाराष्ट्र शासनाने २०११ साली स्कूल बससाठी नियम केले आहेत. त्यांप्रमाणे शाळेत परिवहन समिती असते. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात. पालकांचा प्रतिनिधीही तिच्यात असतो. तो कोण आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? नसेल तर उद्याच विचारा. नवी बस घेताना किंवा ठेका देताना समितीपुढे मागणी करा : जितकी पोरं तितक्या जागा, आणि प्रत्येक जागेला खांद्या-कमरेचा पट्टा. मागणी कागदावर लिहून द्या. तोंडी बोललेले वाऱ्यावर जाते, कागद फायलीत राहतो.

तर मग पट्टा असावा की नसावा? आमचे उत्तर असे : असावा. पण तो मोकळ्या जागेवर बसलेल्या पोराला असावा, शुद्धीवरच्या ड्रायव्हरच्या गाडीत असावा. बैल गेला आणि झोपा केला, असे आपल्या गावात होऊ नये.

आता सांगा पाहू

१. वेग दुप्पट झाला की मार किती पट होतो?
२. पट्टा पोटावर का नसावा?
३. तुमचे पोर ज्या गाडीने जाते तिच्यात जागा किती आणि पोरं किती? उद्या सकाळी मोजून वहीत लिहा.
४. शाळेच्या परिवहन समितीला चार ओळींचे पत्र लिहा. खाली स्वतःची सही करा.