जनावर ओळखते माणसाचा राग

डोणगाव (ता. मेहकर, जि. बुलडाणा) असो वा दुसरे गाव, दररोज शांतपणे धार देणारी गाय एखाद्या दिवशी पान्हा चोरते. अशा वेळी दोष गाईलाच दिला जातो. परंतु कारण पुष्कळदा धार काढणाऱ्याच्या रागात असते.

इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाने २०१६ साली २८ घोड्यांना माणसांच्या हसऱ्या व रागीट चेहऱ्यांची छायाचित्रे दाखविली. रागीट चेहरा पाहून घोड्यांच्या हृदयाचे ठोके लवकर वाढले. गाईंवरील अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात मारझोड करणारा माणूस धारेच्या वेळी नुसता जवळ उभा राहिला, तरी कासेत दूध अधिक शिल्लक राहिले.

कास धुतल्यावर किंवा वासराने ढुसण्या दिल्यावर ऑक्सिटोसीन हे संप्रेरक रक्तात येते व साधारणतः मिनिटभरात पान्हा सुटतो. भीतीमुळे ॲड्रिनॅलीन स्रवते व पान्हा अडतो. दूध वारंवार कासेत राहिल्यास उत्पादन घटते.

याकरिता शेतकरी बंधूंनी पुढील काळजी घ्यावी.

१) धारेची वेळ व माणूस शक्यतो बदलू नये.
२) गोठ्यात ओरडू नये, काठी उगारू नये.
३) जनावराजवळ मागून अचानक न जाता हाक देत बाजूने जावे.
४) राग आला असल्यास थोडे थांबून, शांत झाल्यावर धारेस बसावे.
५) पान्ह्यासाठी ऑक्सिटोसीनचे इंजेक्शन टोचू नये.

बैलालाही हेच लागू आहे. ढेपेला पैसे मोजावे लागतात. गोड शब्दाला काहीच खर्च नाही.