लहानशी नळी, मोठे काम

दुधाचा स्टीलचा कॅन तळाशी गळू लागला, तर आपण तो कोठे नेतो? आर्गॉन वेल्डिंग करणाऱ्या कारागिराकडे. या वेल्डिंगला टिग असेही म्हणतात. आपल्यापैकी कुणाचा मुलगा हे काम शिकत असेल. कुणी स्वतःच दुकान घालायच्या विचारात असेल. म्हणून या कामातल्या एका लहानशा वस्तूची आज ओळख करून घेऊ.

टिगच्या हत्याराला टॉर्च म्हणतात. टॉर्चच्या तोंडाशी टंगस्टन धातूची बारीक काडी असते. काडीचे टोक आणि स्टील यांच्यामध्ये विजेची ज्योत पेटते, आणि स्टील वितळते. टंगस्टन वितळायला सुमारे ३४०० अंश ताप लागतो, म्हणून काडी टिकते. भोवतीने आर्गॉन वायू येतो. तो हवेला दूर ठेवतो. हवा लागली की सांधा काळा पडतो आणि कच्चा राहतो.

ही काडी धरून ठेवते कोण? तांब्याची एक लहान नळी. तिचे नाव कॉलेट. तिला उभ्या चिरा असतात. मागची टोपी फिरवली की चिरा मिटतात आणि काडी घट्ट धरली जाते. काडीला वीज मिळते ती या पकडीतून. काडीचा तापही याच वाटेने मागे जातो.

विळ्याची मूठ सैल झाली तर कापणी नीट होईल काय? कॉलेटचेही तसेच आहे. पकड सैल झाली की वीज अडते. वीज अडते तेथे ताप वाढतो. तापून तांबे मऊ पडते, आणि पकड आणखी सैल होते. शेवटी काडी सरकते आणि वितळलेल्या स्टीलला टेकते. मग सांधा घासून काढा, काडीला पुन्हा टोक करा, वायू पुन्हा खर्च करा. तोवर गिऱ्हाईक दारात उभे! स्वस्त कॉलेट घेतली, तर चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला अशी गत होते.

मग कॉलेट निवडायची कशी?

पहिले पाहायचे ते माप. काड्या १.६, २.४, ३.२ मिलिमीटर अशा जाडीच्या मिळतात. काडी जेवढी, कॉलेट तेवढ्याच मापाची हवी. ‘जरा मोठी चालेल’ असे म्हणू नये.

दुसरा टॉर्चचा नंबर. १७, १८ आणि २६ नंबरच्या टॉर्चला एकाच जातीच्या कॉलेट बसतात. ९ आणि २० नंबरच्या टॉर्चला दुसऱ्या जातीच्या लागतात. दुकानात जाताना जुनी कॉलेट नमुन्याला बरोबर न्यावी.

तिसरी घडण. कॉलेट उजेडात धरून पाहावी. चिरा सरळ आणि सारख्या असाव्यात. कडेला कुसे नसावीत. काडी आत सहज जावी, पण खुळखुळू नये. नवीन ठिकाणाहून घेताना आधी एक-दोनच घ्याव्यात. आठवडाभर वापरून पाहावे, मग डझन घ्यावे.

चांगली कॉलेटही हयगय केली तर टिकत नाही. टोपी हातानेच आवळावी. पक्कड लावली की कॉलेट पिळवटते. टोपीचे रबरी कडे तडकले असेल तर बदलावे, नाहीतर तेथून हवा आत शिरते. पुढचा चिनी मातीचा कप फुटला असेल तर तोही बदलावा. ज्योत विझल्यावर काही सेकंद वायू चालू ठेवावा, म्हणजे काडी काळी पडत नाही. टॉर्चला झेपेल तेवढीच वीज सोडावी.

एक गोष्ट जिवाची आहे. लाल खुणेच्या काडीत थोरियम असते. ते किरणोत्सर्गी आहे. काडी घासताना त्याची धूळ नाकातोंडात जाणे वाईट. निळ्या खुणेच्या काडीत थोरियम नसते. त्याऐवजी लँथनम असते. आम्ही म्हणू, तीच घ्यावी. तरीही कोणतीही काडी घासताना नाकाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवाच.

प्रश्न
१. कॉलेटची पकड सैल झाली तर काय होते?
२. टोपीला पक्कड का लावू नये?
३. लाल खुणेच्या काडीत काय असते?
४. जवळच्या वेल्डिंगच्या दुकानात जा. तेथल्या टॉर्चचा नंबर वाचा आणि वहीत लिहा.