शेवटच्या दोन होजपाईपांची घाई नको

अगं, इंजिन गाडीत बसलं हे ऐकून मला किती आनंद झाला म्हणून सांगू! वर्षभर गॅरेजमध्ये राबलीस, क्रँक पॉलिश करून आणलास, रिंगा बदलल्यास, हेड स्वतः बसवलंस. पण हीटरचे होज जोडायला तू रविवार सकाळचा जेमतेम एक तास ठेवला आहेस, तेवढं काही मला पटलं नाही. हत्ती गेला नि शेपूट राहिलं असं वाटायला लागलं की हात सैल सुटतो. म्हणून आज जरा ताईचं ऐक.

तुझी एमजीबी ही गाडी १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनला तयार होत होती. सुरुवातीच्या गाड्यांत हीटर जादा पैसे मोजून घ्यावा लागे. त्यामुळे बऱ्याच जणांना तो वरून चिकटवलेला वाटतो, बंद पडला तर पडला. पाण्याला मात्र तसं वाटत नाही. इंजिनात फिरतं तेच पाणी हीटरमध्ये जातं. हीटरचा होज फाटला तर इंजिनाचंच पाणी रस्त्यावर सांडतं, आणि नव्याने बसवलेली हेड गॅस्केट पहिल्या फेरीतच जळू शकते.

आधी पाण्याची वाट डोळ्यांसमोर आण. ड्रायव्हरच्या सीटवरून पाहिलंस तर हेडच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात हीटरचा व्हॉल्व्ह आहे. तिथून गरम पाणी बल्कहेडवरच्या हीटरच्या पेटीत जातं, आणि परतीचं पाणी इंजिनाच्या कडेने पुढे येऊन पंपाच्या ओढीच्या बाजूला मिळतं. पंप ओढतो म्हणून हे चक्र चालतं. आपल्या भारतातल्या अँबेसिडरमध्ये याच बी-सिरीज घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन होतं. तुझं १७९८ सीसीचं. तेव्हा तिकडच्या एखाद्या जुन्या मिस्त्रीला फोन केलास, तरी तो तुझं इंजिन अर्धंअधिक ओळखेल.

होज कापण्याआधी हीटरची जाळी तपास. तिच्यातून बागेच्या नळीने आधी एका बाजूने, मग उलट बाजूने पाणी सोड. स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडत राहा. जोर मात्र बेताचा ठेव. जाळी गळकी निघाली तर आत्ताच कळू दे, कारण ती पेटी नंतर बाहेर काढणं म्हणजे जिवाला घोर. जुना होज तोट्यांवर चिकटला असेल तर ओढाताण करू नकोस. ब्लेडने लांबीत चीर दे आणि सोलून काढ. जाळीच्या तोट्या पातळ असतात, पिरगाळल्या की मुळातून सुटतात.

आता वाट आखायची. अर्ध्या इंच आतल्या व्यासाचा, हीटरसाठीच बनवलेला होज घे. एक्झॉस्टपासून, पंख्यापासून आणि पत्र्याच्या धारेपासून तो दूर ठेव. बल्कहेडजवळ घासायची शक्यता असेल तिथे रबरी ग्रोमेट किंवा जुन्या होजचा तुकडा चढव. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, गिअर बदलताना, ब्रेक लावताना ते डुलतं. हीटरची पेटी मात्र जागची हलत नाही. म्हणून होजला थोडी ढील हवी. ताणून बसवलास तर सगळा ओढा व्हॉल्व्हवर आणि तोट्यांवर येतो. फार लांब ठेवलास तर वळणावर दुमडतो आणि पाणी अडतं. कापायच्या आधी होज जागेवर धरून बघ, दोन बोटं जास्तच ठेव, मग धारदार ब्लेडने काटकोनात काप.

चढवताना घट्ट गेला तर साधं पाणी लाव, तेल किंवा ग्रीस नको. आजकालचे बहुतेक होज ईपीडीएम रबराचे असतात. तेलाने ते फुगतात आणि मऊ पडतात. क्लिप होजच्या टोकाशी नको. तोटीवरच्या उंचवट्याच्या पलीकडे, टोकापासून थोडी आत बसव. पेंचीस पोहोचेल अशा बाजूला तिचा स्क्रू ठेव. सगळे जिला जुबिली क्लिप म्हणतात, तिचं पेटंट लम्ली रॉबिन्सन या नौदलातल्या अधिकाऱ्याने १९२१ मध्ये घेतलं होतं, आणि शंभर वर्षांनीही तिच्यापेक्षा सोपं काही सापडलेलं नाही. मात्र ती पिळून पिळून आवळू नकोस. रबर पट्टीच्या खाचांतून वर यायला लागलं की थांब.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पाणी भरताना. हीटर वरच्या बाजूला, त्यामुळे हवा तिथे अडकून बसते. डॅशवरचा नॉब पूर्ण गरमवर कर आणि केबलने व्हॉल्व्ह खरंच पूर्ण उघडतो का, हे डोळ्यांनी बघ. गाडीचं नाक थोडं वर उचल. हीटरकडचा परतीचा होज सोडून त्यातून हळूहळू अँटीफ्रीझचं मिश्रण ओत. बुडबुडे थांबले की होज परत चढव आणि मग रेडिएटर भर. सांडलेलं लगेच पूस. इथिलीन ग्लायकॉल गोडसर लागतं आणि मांजरा-कुत्र्यांच्या जिवावर उठतं.

इंजिन सुरू करून गरम झालं की दोन्ही होज हाताने चाचप. जाणारा कडक आणि येणारा कोमट लागला तर काम झालं. येणारा गारच राहिला तर आत हवा आहे किंवा जाळी तुंबली आहे. नुसत्या तापमानाच्या काट्यावर भरवसा ठेवू नकोस. पाणी कमी झालं आणि सेंडर कोरडा पडला, की आत इंजिन भाजत असतानाही काटा खालीच दिसू शकतो. रेडिएटरची कॅप गरम असताना अजिबात उघडू नकोस. १० पौंडांच्या कॅपखाली पाणी ११५ अंशांच्या आसपास उकळतं, आणि कॅप सैल केली की एकदम उसळून अंगावर येतं.

इंजिन पूर्ण गार झालं की क्लिपा पुन्हा एकदा आवळ, पातळी बघ, आणि पहिले काही दिवस निघण्याआधी गाडीखाली एक नजर टाक. कुणी म्हणेल, एवढ्या जुन्या गाडीला हीटर कशाला, दोन बुचं मार आणि मोकळी हो. ऐकू नकोस. नोव्हेंबरात काच धुकट झाली की तोच हीटर तुला रस्ता दाखवणार, आणि उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये इंजिन तापलं तर तोच पूर्ण उघडून तू थोडी उष्णता बाहेर काढू शकशील. रविवारऐवजी पुढचा शनिवार उजाडला तरी चालेल. वर्षभर जीव लावून उभं केलेलं इंजिन दोन होजपायी गमवायचं नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.