मानेतली न दुखणारी गाठ



घसा धरणे, कानाला दडा बसणे या तक्रारी बहारीनमध्ये आपल्याला नव्या नाहीत. बाहेर कडक ऊन, आत एसी, मधूनच धुळीचे वारे. म्हणून नातू म्हणाला, "कान बंद झालाय," तर आपण ज्येष्ठ मंडळी हळद-दूध सुचवतो आणि विषय संपतो. बहुतेक वेळा ते बरोबरच असते. क्वचित नसते, आणि त्या क्वचितसाठी हा लेख.

नाकाच्या अगदी मागे, पडजिभेच्या वर घशाचा एक भाग असतो. तोंडात बॅटरी मारूनही तो दिसत नाही. तिथला कर्करोग भारतात एकंदरीत दुर्मिळ आहे. नागालँडमध्ये अधिक, दक्षिण चीनमध्ये तर पुष्कळच. तंबाखूला कधी न शिवलेल्या, ऐन विशीतल्या मुलांनाही तो होतो. त्यामागे बहुधा एपस्टाईन-बार नावाचा विषाणू असतो. हा विषाणू बहुतेक सर्व प्रौढांच्या शरीरात निमूट राहतो, फार थोड्यांना त्यातून हा आजार होतो. कर्करोग स्वतः संसर्गजन्य नाही, तेव्हा महाप्रसादाच्या पंगतीत रुग्णाला वेगळे बसवू नये. चिनी पद्धतीच्या खारवलेल्या मासळीशीही या रोगाचा संबंध आढळला आहे, पण म्हणून आपल्या सुकट-बोंबलावर लगेच आळ घेण्याचे कारण नाही.

पुष्कळदा पहिली खूण म्हणजे कानाखाली, मानेत आलेली टणक गाठ. ती दुखत नाही, म्हणूनच कोणी दाखवत नाही. एकाच कानाला दडा, एकाच बाजूचे नाक चोंदणे, शेंबडात रक्त, एका वस्तूच्या दोन दिसणे, यांपैकी काहीही दोन-तीन आठवड्यांत गेले नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. मानेतली गाठ म्हणजे गंडमाळ, असे धरून क्षयाची औषधे महिनोन्‌महिने चालतात. क्षय असूही शकतो, पण गाठीची सुईने तपासणी करूनच ते ठरवावे. नाकातून बारीक दुर्बीण घालून आतला तुकडा तपासला की या कर्करोगाचे निदान पक्के होते. किती पसरला आहे ते एमआरआयने कळते.

जागा अवघड असल्याने सुरुवातीला शस्त्रक्रिया सहसा करत नाहीत. आठवड्यातून पाच दिवस, सुमारे सात आठवडे किरणोपचार. रोग पुढे गेला असेल तर जोडीला केमोथेरपी. लवकर सापडला तर बहुसंख्य रुग्ण बरे होतात. मानेत गाठी आल्या असल्या तरी बरे होण्याची चांगली आशा असते. किरणांपूर्वी दात तपासून घ्यावेत. उपचारात तोंड कोरडे पडते, सोलते. तेव्हा तिखट बंद, मऊ भात आणि पेज बरी. मुलगा-मुलगी अविवाहित असेल तर पुढे अपत्य होण्यासाठी आधीच काय करता येईल, हे केमोपूर्वी डॉक्टरांना विचारावे. घरचे संकोचतात, पण ही वेळ पुन्हा येत नाही.

बहारीनमध्ये बुसैतीन येथील किंग हमद विद्यापीठ रुग्णालयात कर्करोग केंद्र आहे. काही कुटुंबे परळच्या, 1941 पासून चालू असलेल्या टाटा रुग्णालयाची वाट धरतात. तिथे सात आठवडे राहायचे कुठे, हा प्रश्न पडतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अनेकांचा आधार आहे, पण जागा मिळेलच असे नाही. बिनपगारी रजा आणि सोबतीच्या माणसाचे तिकीट हा भार वेगळाच.

यासाठी न्यासाच्या वैद्यकीय साहाय्य निधीत यथाशक्ती भर घालावी. मुंबईत ज्यांची खोली रिकामी असेल किंवा जे रुग्णासोबत राहू शकतील, त्यांनी मंदिराच्या कार्यालयात नाव नोंदवावे. कामगार वस्तीतल्या एखाद्या मुलाच्या मानेत अशी गाठ दिसली तर तेही येऊन सांगावे. नाव गुप्त राहील.