अरुंधतीदर्शन : इयत्ता चौथी ते सातवीसाठी एक आकाशपाठ

हेतू. (१) सप्तर्षींतील वसिष्ठ व अरुंधती ही तारकांची जोडी विद्यार्थ्यांनी स्वतः शोधून काढावी. (२) ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाण्याची रीत त्यांच्या अंगवळणी पडावी. (३) ज्यांची दृष्टी अधू आहे अशी मुले शिक्षकांच्या ध्यानात यावीत.

समय व स्थळ. एप्रिल महिन्यात, उन्हाळी सुट्टी लागण्यापूर्वी, कृष्णपक्षातील रात्री ९ च्या सुमारास हा पाठ घ्यावा. जूनमध्ये मेघ दाटले म्हणजे आपल्या भागात आकाशदर्शन दुरापास्त होते. दोडामार्ग सुमारे १५.७ उत्तर अक्षांशावर असल्याने ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १६ अंश उंच असतो, आणि पुष्कळ वाड्यांतून तो डोंगरांच्या किंवा माडांच्या आड जातो. सप्तर्षी मात्र उत्तरेस ५० अंशांपर्यंत चढतात. म्हणून येथील मुलांना प्रथम ध्रुव न दाखविता सप्तर्षी दाखवावेत.

तालुक्यात २००२ च्या सुमारापासून रानटी हत्तींचा वावर सुरू झाला आहे. तेव्हा मुलांना रात्री शाळेत बोलावू नये. दिवसा वर्गात फळ्यावर आकृती काढून द्यावी आणि निरीक्षण घरच्या खळ्यात, वडीलधाऱ्यांच्या सोबतीने करण्यास सांगावे.

विषयविवेचन. उत्तरेकडे तोंड करून उभे राहावे. चार तारकांचा चौकोन व त्यास जोडलेली तीन तारकांची वाकडी शेपटी दिसेल. चौकोनात क्रतु, पुलह, पुलस्त्य व अत्रि. शेपटीत अनुक्रमे अंगिरस, वसिष्ठ व मरीचि. एप्रिलमध्ये ही शेपटी उजवीकडे खाली झुकलेली असते. तिच्यातील मधला तारा तो वसिष्ठ. त्याच्या अगदी निकट एक मंद तारका आहे, तीच अरुंधती. दोहोंतील अंतर १२ कला, म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीच्या निम्म्याहूनही कमी. आणि वसिष्ठाचे तेज अरुंधतीच्या सुमारे सहापट.

विवाहात वधूला अरुंधती दाखविण्याची चाल मुलांना ठाऊक असते. तिच्यावरूनच आपल्या शास्त्रकारांनी एक न्याय बसविला. सूक्ष्म अरुंधती एकदम दिसत नाही, म्हणून आधी जवळचा ठळक तारा दाखवावयाचा आणि मग त्यावरून खऱ्या अरुंधतीकडे न्यावयाचे. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात हा दृष्टान्त योजिला आहे. शिक्षकास याहून अधिक उपयुक्त दृष्टान्त क्वचितच सापडेल. अपूर्णांक शिकविण्यापूर्वी आपण भाकरीचे चार तुकडे करतो, तेव्हा याच न्यायाने चालत असतो.

अधिक माहिती. डोळ्यांना जेथे दोन तारे दिसतात, तेथे वस्तुतः सहा आहेत. १६१७ साली गॅलिलिओचा शिष्य कास्तेल्ली याने दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा खुद्द वसिष्ठच दुहेरी असल्याचे आढळले. १८८९ साली पिकरिंग यांनी प्रकाशाच्या वर्णपटावरून दाखविले की, त्या दोहोंतील ठळक ताराही जोडतारा आहे. त्याचे दोन घटक सुमारे साडेवीस दिवसांत परस्परांभोवती फेरी करतात. पुढे दुसराही तसाच निघाला. २००९ साली अरुंधतीलाही एक मंद सोबती असल्याचे दिसून आले. ही सर्व मंडळी आपल्यापासून ८० हून अधिक प्रकाशवर्षे दूर आहेत. आज रात्री मुलांच्या डोळ्यांत शिरणारा त्यांचा प्रकाश स्वातंत्र्यापूर्वीच निघालेला आहे, हे सांगितल्यास त्या अंतराची कल्पना येईल. सातांपैकी पुलह, पुलस्त्य, अत्रि, अंगिरस व वसिष्ठ हे पाच अवकाशात एकाच दिशेने चालले आहेत; क्रतु व मरीचि यांची वाट निराळी आहे.

शिक्षकांस विशेष सूचना. अरब लोक या तारकेला सुहा म्हणत आणि तिच्यावरून दृष्टीची पारख करीत. आपल्याकडे मात्र, जिला वा ज्याला अरुंधती दिसत नाही त्याचे आयुष्य सरत आले, अशी समजूत जुन्या ग्रंथांतून आढळते. ही समजूत निराधार आहे, हे वर्गात स्पष्ट सांगावे. अन्यथा न दिसणारे मूल भयाने 'दिसली' असे खोटेच सांगेल.

दुसऱ्या दिवशी सर्वांसमक्ष हात वर करावयास न लावता प्रत्येकाने काय पाहिले त्याची आकृती काढून घ्यावी. चांदणे, धुके किंवा रस्त्यावरचा दिवा यांमुळेही अरुंधती लोपते. म्हणून तीन वेगवेगळ्या स्वच्छ रात्री पाहावयास सांगावे. इतरांना दिसूनही एखाद्यास वसिष्ठ केवळ पसरट ठिपका दिसत असेल, तर त्याला पुढच्या रांगेत बसवावे, पालकांस कळवावे व प्राथमिक आरोग्य केंद्रात नेत्रतपासणी करून घ्यावी. ही तपासणी तारका पाहून होत नाही; तारका केवळ शंका सुचविते. परंतु फळ्यावरील अक्षर न दिसल्याने मागे पडलेल्या मुलास आपण मंदबुद्धी समजत आलो असू, तर ती शंका वेळीच येणे फार मोलाचे आहे.

स्वाध्याय. (१) सप्तर्षींची नावे क्रमाने लिहून आकृती काढा. (२) रात्री ८ व १० वाजता पाहून शेपटीची दिशा कशी पालटली ते नोंदवा. (३) क्रतु व पुलह यांना जोडणारी रेषा पुलहाकडून क्रतूच्या पुढे वाढवा. तुमच्या वाडीतून ध्रुव दिसतो की कशाच्या आड जातो, ते लिहा. (४) घरातील वडील माणसांना अरुंधती दिसते का, ते विचारा व त्यांना ती शोधण्याची रीत समजावून सांगा.