धर्मसंस्थेसाठी डिजिटल लेखन : वाचकाचा विचार



छत्रपती संभाजीनगर येथील कॅथलिक धर्मप्रांताचे कॅथेड्रल संत फ्रान्सिस डी सेल्स (१५६७–१६२२) यांच्या नावाने ओळखले जाते. आल्प्स पर्वतालगतच्या शाब्ले प्रदेशात त्यांच्या प्रवचनांना लोक येईनात, तेव्हा त्यांनी छोटी पत्रके लिहून ती घरांच्या दारांखालून आत सरकवली. पुढे १९२३ मध्ये पोप अकरावे पायस यांनी त्यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते संत घोषित केले.

पत्रक कोणाच्या हाती पडेल हे ठाऊक नसताना लिहिणे, ही अडचण आज संस्थेचे समाजमाध्यम सांभाळणाऱ्यापुढेही आहे. फादर हेन्री डोअरिंग यांनी १९०३ साली केंदळ (जि. अहमदनगर) येथून सुरू केलेले ‘निरोप्या’ मासिक बव्हंशी परिचित वाचकांकडे जाई. मोबाइलवरील मजकुराला असा उंबरठा नसतो.

एक काल्पनिक सूचना पाहा : ‘येत्या रविवारपासून धर्मशिक्षणवर्ग सुरू होत आहेत. सर्व मुलांनी उपस्थित राहावे.’ चर्चमध्ये ही वाचून दाखवली, तर ‘सर्व मुले’ म्हणजे तेथे बसलेल्या कुटुंबांची मुले, हे सांगावे लागत नाही. तीच सूचना संस्थेच्या सार्वजनिक पानावर गेली, तर शब्द तेच राहतात आणि अर्थ बदलतो. त्याच आवारात इतर धर्मांची मुले शिकत असलेली शाळा असेल, तर त्यांच्या पालकांच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. स्क्रीनशॉट फिरू लागल्यावर खुलासा करून फारसे साधत नाही. म्हणून पहिल्याच वेळी लिहावे : ‘आपल्या धर्मग्रामातील ख्रिस्ती कुटुंबांच्या मुलांसाठी धर्मशिक्षणवर्ग रविवारी सकाळच्या मिस्सानंतर सुरू होतील. नावनोंदणी पालकांनी करावी.’

येथे ‘मिस्सा’ हा शब्द मुद्दाम ठेवला आहे. अपरिचित वाचकासाठी समाजाचे स्वतःचे शब्द पुसून टाकावेत, असे आम्हास वाटत नाही; प्रथम उल्लेखात ‘मिस्सा, म्हणजे रविवारची मुख्य उपासना’ एवढे म्हटले की पुरे. छायाचित्रांबाबत मात्र सवलत नाही. वसतिगृहातील मुलांचे चेहरे व नावे पालकांच्या संमतीवाचून प्रसिद्ध करू नयेत.

स्वाध्याय : ‘उद्या आजाऱ्यांसाठी विशेष प्रार्थना. सर्वांनी यावे, बरे व्हावे.’ ही सूचना सार्वजनिक पानासाठी पुन्हा लिहा. ‘बरे व्हावे’ या शब्दांचे आपण काय केले व का, हे चार ओळींत स्पष्ट करा.