दिवसभराची सॅक : किती लिटर, किती रुपये, कुठला पट्टा

दिवसभराच्या पायपिटीसाठी चांगली सॅक हवी असेल, तर नागपुरात दीड ते अडीच हजारांत काम भागतं. त्याहून स्वस्त घेतली तर उरलेली किंमत खांदे मोजतात. त्याहून महाग घेतली, तर ज्या सोयींचे पैसे मोजले त्या हिमालयात कामी येतात, जुनापाणीच्या माळावर नाही.

जुनापाणीचं नाव घेतलं, कारण तिथे जाणाऱ्यांची गरज जरा वेगळी असते. काटोल रोडने शहराबाहेर पडलं की थोड्याच अंतरावर लोहयुगातली शिळावर्तुळं विखुरलेली आहेत, शेकड्यांनी. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८६७ साली इथे उत्खनन केलं होतं आणि १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी. जवळच्याच माहूरझरीला शां. भा. देव यांच्या उत्खननात घोड्याचे तांब्याचे अलंकार निघाले. हे सगळं बघायला जाणारा माणूस नुसता चालत नाही, सारखा वाकतो. दगडावरच्या वाटीएवढ्या खळग्या बघायला वाकतो, टेप लावायला वाकतो, फोटोसाठी तर गुडघ्यावर येतो. पाठीवरची सॅक ढिली असली की प्रत्येक वेळी ती घसरून मानेवर येते. इंग्लंडात मेटल डिटेक्टर घेऊन शेतं धुंडाळणाऱ्या हौशी लोकांची अडचण नेमकी हीच. एका हातात यंत्र, दुसऱ्यात खुरपं आणि दर दहा पावलांवर वाकणं.

डिटेक्टरचा विषय निघालाच आहे तर कायद्याचंही सांगून टाकतो, कारण ऑनलाइन ही यंत्रं सहज मिळतात आणि उत्साही मंडळी आधी यंत्र मागवतात, मग विचारतात. १८७८ चा निखात निधी कायदा आपल्याकडे आजही लागू आहे. जमिनीत १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. जुनापाणी हे तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संरक्षित स्थळ आहे. तिथे विनापरवाना खणता येत नाही आणि अशा स्मारकाचं नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तेव्हा सॅकमध्ये टेप, वही, कॅमेरा असू द्या. खुरपं घरच्या बागेत बरं.

आता वजनाचा हिशेब. माळावर सावली नाही, म्हणून माणशी तीन लिटर पाणी लागतं. ते झालं तीन किलो. डबा पाऊण किलो, कॅमेरा आणि लेन्स दीड किलो, टेप, वही, औषधं, टोपी, दुपट्टा मिळून एक किलो. सॅकचं स्वतःचं वजन पाऊण किलो धरा. म्हणजे निघताना पाठीवर सात किलो. साठ किलोच्या माणसाने सहा ते नऊ किलोंपर्यंत थांबावं असा ढोबळ नियम आहे, त्यात हे बसतं. यासाठी २० ते २५ लिटरची सॅक पुरते. डिसेंबरात सकाळी सहाला निघताना घातलेलं जाकीट दहा वाजता काढून आत कोंबावं लागतं, शिवाय काटोल रोडने परतताना किलो-दोन किलो संत्री घेतली नाहीत तर घरचे विचारतात. म्हणून मी २५ कडे झुकतो. चाळीस लिटरची घेऊ नका. जागा दिसली की माणूस भरतो.

पिशवीवर छापलेल्या लिटरांवर मात्र विसंबू नका. बर्डीच्या फुटपाथवर ४५ लिटर लिहिलेली सॅक प्रत्यक्षात तिसाचीही नसते. दुकानदाराकडे पाण्याच्या भरलेल्या बाटल्या मागा, तीन-चार आत टाका आणि पाठीवर घेऊन दुकानात पाच मिनिटं फिरा. रिकामी सॅक सगळ्यांनाच बरी बसते. त्याच पाच मिनिटांत दोन-तीनदा खाली वाका, बुटाची नाडी बांधायला वाकतो तसे. सॅक डोक्याकडे सरकली, तर ती बाजूला ठेवा.

खरी परीक्षा कमरेच्या पट्ट्याची. चांगला पट्टा तळहाताएवढा रुंद असतो, आत फोम असतो आणि तो पोटावर नाही, कमरेच्या हाडावर बसतो. तो आवळला की खांद्यांवरचा भार निम्म्याहून अधिक खाली उतरतो. आवळून झाल्यावर खांद्याच्या पट्ट्याखाली बोट सहज जायला हवं. स्वस्त सॅकला बोटभर रुंदीची नुसती पट्टी लावलेली असते. तिने सॅक हलायची थांबते, वजन उचललं जात नाही. दुकानदार दोन्हींना ‘वेस्ट बेल्ट’ म्हणतो. छातीवरची आडवी पट्टी वर-खाली सरकणारी हवी. वाकणाऱ्यांसाठी ती चैन नाही, तिच्यामुळेच पट्टे खांद्यावरून निसटत नाहीत.

पाठीची लांबी मोजून घ्या. मान खाली घातली की मागे जे हाड वर येतं तिथून कमरेच्या हाडाच्या रेषेपर्यंत टेप धरायचा. उंची सारखी असलेल्या दोघांची ही लांबी वेगळी निघते. बुटक्या बायकांनी पुरुषी मापाची सॅक घेतल्यावर कमरेचा पट्टा मांडीवर येतो, हे कुठल्याही सहलीत बघायला मिळेल. बायकांसाठीच्या सॅकचे पट्टे आत वळलेले असतात. असली सॅक मागितली की दुकानदार गुलाबी रंग पुढे करतो. रंगाकडे दुर्लक्ष करून पट्टा बघा.

पाठीला जाळी हवी की साधा फोम? जाळीची पाठ शरीरापासून थोडी दूर राहते आणि घाम वाळतो. नागपूरच्या कोरड्या हवेत याचा फरक दुपारी बाराला कळतो. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात माळावर कुसळं असतात आणि ती जाळीत अशी रुततात की चिमट्याने काढावी लागतात. तरीही जाळीच घ्या. सॅक जमिनीवर ठेवताना पाठीची बाजू वर ठेवायची सवय लावली की झालं.

भाव ढोबळच सांगता येतील, हंगामाप्रमाणे हलतात. बर्डी आणि इतवारीत बिननावाची सॅक ४०० ते ८०० रुपयांत मिळते. कॉलेजला ठीक, सात किलोंना नाही. डेकॅथलॉन, वाइल्डक्राफ्ट अशांच्या साध्या सॅक हजाराच्या आसपास सुरू होतात, पण फोमचा पट्टा आणि जाळी हवी तर दीड ते अडीच हजारांत जावं लागतं. ऑस्प्रे, डॉइटर वगैरे परदेशी नावं आठ हजारांच्या पुढे. पावसाळी कव्हर वेगळं घेतलं तर २०० ते ४००, सोबत येत असेल तर तेवढे वाचले. पाण्याची नळीवाली पिशवी ५०० ते १,५०० रुपयांना मिळते. मला ती पटत नाही. उन्हात नळीतलं पाणी पहिल्या घोटालाच चहासारखं लागतं आणि पिशवी धुणं हा वेगळाच उपद्व्याप. दोन बाजूंच्या खिशांत एक-एक लिटरच्या बाटल्या आणि तिसरी आत, पाठीला लागून. जड वस्तू पाठीजवळ असली की ओढ कमी जाणवते.

ऑनलाइन ‘छापील किंमत ३,४९९, ७० टक्के सूट’ असं दिसलं तर सूट विसरा आणि हजार-अकराशेची सॅक म्हणून तिच्याकडे बघा. पट्ट्याचा आतून काढलेला फोटो नसेल तर मागवू नका. हातात आल्यावर आधी चेन दहा वेळा उघड-बंद करा, मग खांद्याचा पट्टा जिथे शिवलाय तिथली शिलाई बघा. तिथे चौकोनात फुली मारलेले दुहेरी टाके असावेत.

जुनी सॅक घरात असेल तर फेकण्याआधी चांभाराकडे न्या. रनर बदलायला वीस ते पन्नास रुपये, निघालेला पट्टा शिवायला पन्नास ते शंभर, क्लिप तेवढ्यातच. आतलं अस्तर पापुद्र्यासारखं गळायला लागलं असेल तर मात्र खर्च करू नका, ते दुरुस्त होत नाही.

बिल घ्याच. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं बिलावर छापलेलं असलं तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलात मुदत लिहिली नसेल तर ३० दिवस धरतात. छापील किमतीत सगळे कर आलेले असतात, त्यावर वेगळा जीएसटी मागितला तर देऊ नका. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. प्रकरण जिल्हा आयोगाकडे न्यावं लागलंच, तर पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क पडत नाही.